न्यू यॉर्कचं न्यूजबॉइज लॉजिंग हाउस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूजबॉइज लॉजिंग हाउस म्हणजे नेमकं काय?

रात्री डोकं टेकायला जागा नसलेल्या पोरांसाठी न्यू यॉर्कमध्ये मार्च १८५४ मध्ये उघडलेला रात्रनिवारा. तो चालवायची ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ ही धर्मादाय संस्था, आणि ती त्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये सुरू झाली होती. पेपर विकणारी पोरं हे इथलं पहिलं गिऱ्हाईक, म्हणून हे नाव पडलं. पण बूटपॉलिशवाले, सामान उचलणारे, निरोप पोचवणारे आणि नुसतेच भटकणारेही इथे झोपायला येत. अनाथाश्रमाशी याची गल्लत करू नका. इथे कुणी कुणाला दाखल करत नसे. संध्याकाळी पोरगा स्वतःच्या पायांनी यायचा, पैसे द्यायचा, झोपायचा आणि सकाळी धंद्याला निघून जायचा.

एवढी पोरं रस्त्यावर आली कुठून?

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये रोगाने बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला आणि माणसं बोटी भरभरून अमेरिकेला निघाली. जर्मनभाषक मुलखांतूनही लोंढे येत होते. बहुतेकांची पहिली पायरी म्हणजे न्यू यॉर्कचं बंदर. १८५० मध्ये शहराची वस्ती पाच लाखांच्या थोडी वर होती, दहा वर्षांनी ती आठ लाख ओलांडून गेली. घरं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, त्यात १८४९ ची कॉलऱ्याची साथ. बाप गेला, आईने दुसरं लग्न केलं, सावत्र बापाने पोराला दारात उभं केलं नाही, अशी घरं गल्लोगल्ली होती. त्याच वर्षी शहराचे पोलीसप्रमुख जॉर्ज मॅटसेल यांनी अहवालात लिहिलं की सुमारे ३,००० मुलं रस्त्यावर भटकत आहेत.

यातली सगळी अनाथ नव्हती, हे लक्षात ठेवा. पुष्कळांची आई किंवा बाप शहरातच कुठेतरी होता. हा मुद्दा पुढे आगगाड्यांच्या प्रश्नात कळीचा ठरतो.

लॉजिंग हाउस नव्हतं तेव्हा ती झोपायची कुठे?

खोक्यांत, जिन्यांखाली, गवत वाहून नेणाऱ्या पडावांवर, फेरीबोटीच्या केबिनमध्ये, टाकून दिलेल्या बॉयलरांत. सगळ्यांत मोक्याची जागा म्हणजे छापखान्याजवळच्या फूटपाथातली लोखंडी जाळी, कारण खालून यंत्राची गरम वाफ वर यायची. तिच्यासाठी मारामाऱ्या होत. दोन पोरांनी एक हिवाळा हार्लेमच्या पुलाच्या लोखंडी नळीत काढला. आणखी दोघं वॉल स्ट्रीटवर आगीत जळून निकामी झालेल्या तिजोरीत झोपत. देशातला सगळा पैसा ज्या रस्त्यावर फिरतो, तिथल्या रिकाम्या तिजोरीचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

त्या वेळी फुकटचा निवाराही होता. पोलीस चौक्यांत बेघरांना रात्र काढू देत. पण तिथे फळ्यांवर, अट्टल दारुड्यांच्या शेजारी पडावं लागे. डेन्मार्कहून आलेला जेकब रीस पुढे झोपडपट्ट्यांचे फोटो काढून प्रसिद्ध झाला. १८७० मध्ये कफल्लक असताना तो अशाच एका चौकीत झोपला. रात्री त्याच्या गळ्यातलं लॉकेट चोरीला गेलं, तक्रार केली तर त्यालाच बाहेर काढलं, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या भटक्या कुत्र्याला पोलिसाने आपटून मारलं. तो राग त्याने जन्मभर विसरला नाही.

हे सुरू कुणी केलं?

चार्ल्स लोरिंग ब्रेस या तरुण पाद्र्याने. जन्म १८२६, गाव कनेटिकट राज्यातलं लिचफील्ड, शिक्षण येल विद्यापीठात आणि मग धर्मशास्त्राचं. सोसायटी स्थापन झाली तेव्हा त्याचं वय २६. न्यू यॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा त्याचा दोस्त, आणि १८५० मध्ये ओल्मस्टेडच्या भावाला घेऊन दोघांनी इंग्लंडभर पायी भटकंती केली होती. पुढे ब्रेस एकटाच युरोपात फिरत राहिला. १८५१ मध्ये हंगेरीत तो क्रांतिकारकांचा हस्तक असल्याच्या संशयावरून पकडला गेला आणि सुमारे महिनाभर तुरुंगात होता. कोंडून ठेवणाऱ्या मोठमोठ्या संस्थांविषयी त्याला जी अढी होती, तिचं एक मूळ या कोठडीत असावं असं मला वाटतं. रांगेत उभं करून, घंटेवर जेवायला घालून वाढवलेलं मूल बाहेरच्या जगात टिकत नाही, हे तो पुन्हापुन्हा मांडत राहिला.

रोजचा कारभार मात्र सी. सी. ट्रेसी या पहिल्या व्यवस्थापकाचा. हा माणूस मूळचा सुतार. पोरांशी बोलायचं कसं हे त्याला उपजत कळायचं, आणि पहिल्या वर्षांत लॉजिंग हाउस तरलं ते बहुतांशी त्याच्यामुळे.

बेघर पोरांकडून पैसे का घ्यायचे? हे धर्मादाय कसलं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि या संस्थेचं मर्मही त्यातच आहे.

बिछान्याचे ६ सेंट पडत. जेवणाचे वेगळे. ब्रेसचा हिशेब असा की ही पोरं भिकारी नाहीत, छोटे व्यापारी आहेत. सकाळी खिशातले पैसे घालून पेपर विकत घेतात, विकले तर नफा, नाही विकले तर तोटा त्यांचाच. अशा पोराला फुकट सूप वाढलं की त्याच्या डोक्यात पहिली शंका येते ती ही, की याच्या बदल्यात हे मागणार काय? प्रार्थना? की सुधारगृहात पाठवायचा डाव आहे? पैसे घेतले की व्यवहार स्वच्छ होतो. मी पैसे दिले, तू बिछाना दिलास, उद्या यायचं की नाही ते मी ठरवणार. मग शिकवणं, सुधारणं, देवाचं नाव, हे सगळं नंतर. आणि त्या ६ सेंटांत बाहेर कुठेही मिळणार नाही इतकं द्यायचं: स्वच्छ चादर, गरम पाणी, उजेड.

यामागे अगदी उदात्त विचार होता असंही नाही. फुकट दिलं की गरीब आळशी होतो, हा त्या काळच्या सुखवस्तू प्रॉटेस्टंट मंडळींचा लाडका सिद्धांत, आणि ब्रेसही त्यातलाच. १८७२ मध्ये त्याने आपल्या कामावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच या लोकांना ‘धोकादायक वर्ग’ म्हटलं आहे. आज ही पोरं सावरली नाहीत तर उद्या मतदार होऊन, दंगेखोर होऊन आपल्याच घरावर येतील, अशी भीती दाखवून तो देणग्या मागायचा. तरीही परिणाम बघा. एरवी ज्यांना सगळं शहर ‘चालता हो’ म्हणायचं, त्यांना इथे एक माणूस रोज संध्याकाळी ‘ये, किती दिवसांनी आलास’ म्हणत होता आणि वर पैसे मोजून घेत होता. माझ्या मते दयेपेक्षा हा मान त्यांना जास्त पचला.

पहिल्या रात्री काय झालं?

जागा होती ‘सन’ या वर्तमानपत्राच्या जुन्या इमारतीचा माळा, फुल्टन आणि नॅसॉ या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तिथे खाटा टाकल्या, न्हाणीची टबं बसवली. पोरांमध्ये आधीच कुजबुज होती की हा पकडून नेण्याचा सापळा आहे, किंवा निदान रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेचा. काही वांडांनी ठरवलं की आत शिरायचं, गॅसचे दिवे घालवायचे आणि अंधारात दंगा करायचा. ट्रेसीला आधीच कुणकुण लागली होती. त्याने गॅसच्या नळांवर माणूस ठेवला. पहिला बूट उडाला तसा बूट फेकणारा शोधून बाहेर काढला, अगदी शांतपणे, आरडाओरडा न करता. उरलेल्यांना कळलं की मालकाला धंदा येतो.

मग त्यांनी अंघोळी केल्या, पण झोप कुणाला येईना. अंधारात गप्पा रंगल्या. गादी किती मऊ आहे, वाफेच्या जाळीइतकंच ऊबदार आहे बुवा, आणि इथे दांडक्याने ढोसायला पोलीसही नाही. हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते ब्रेसच्या लेखणीतून, आणि त्याला देणगीदारांना खूश ठेवायचं होतं, तेव्हा थोडा मालमसाला धरूनच चाला. पोलिसाच्या दांडक्याचा उल्लेख मात्र त्याने रचला असेल असं वाटत नाही.

६ सेंट म्हणजे पोराच्या दृष्टीने किती?

१८९० च्या दशकातला हिशेब मांडता येतो. संध्याकाळचे पेपर पोरांना शंभराला ५० सेंट या दराने मिळत आणि ते एकेक सेंटला विकत. म्हणजे एका पेपरमागे अर्धा सेंट सुटे. बिछान्यासाठी १२ पेपर खपवायचे. तेव्हा सकाळचा पाव-कॉफी ६ सेंट, रात्रीचं जेवण ६ सेंट. बिछाना आणि दोन्ही वेळचं खाणं मिळून १८ सेंट, म्हणजे ३६ पेपर. बातमी चांगली असली, कुठे खून किंवा आग, तर तासाभराचं काम. पावसाच्या दिवशी, मथळ्यात काहीच दम नसताना, तेच ३६ पेपर डोंगराएवढे. न खपलेला पेपर छापखाना परत घेत नसे. रात्री उशिरा ओल्या थंडीत ‘शेवटचा राहिलाय, साहेब’ म्हणत फिरणारं पोर बहुधा शेवटच्या पेपरसाठी नाही, बिछान्याच्या उरलेल्या दोन सेंटांसाठी फिरत असे.

पैसे नसतील तर हाकलून देत?

नाही. उधारीवर झोपू देत, आणि धंदा सुरू करायला थोडं भांडवलही उसनं देत: पेपर घेण्यापुरते पैसे किंवा पॉलिशची पेटी. ते परत करायचं असे.

पोरांची बँक होती म्हणतात, ती कशी चालायची?

ही ट्रेसीच्या सुतारकामाची करामत असावी. एका मोठ्या टेबलाच्या खणात लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नंबर, आणि वर नाणं जाईल एवढी फट. प्रत्येक पोराला एक नंबर. रस्त्यावरच्या पोरांचा पैसा उद्यापर्यंत टिकत नसे. जुगार, नाटकाचं तिकीट, नाहीतर थोरल्याने हिसकावला. इथे टाकलेला पैसा मधेच काढता येत नसे.

खण कधी उघडायचा हे व्यवस्थापकाने ठरवलं नाही. पोरांनी सभा घेऊन, मत देऊन ठरवलं आणि दोन महिन्यांची मुदत घातली. मधे कुणाकुणाचा जीव कासावीस झाला, पण आपणच केलेला कायदा, मोडणार कसा? खण उघडला तेव्हा आपल्या नावावर एवढे पैसे जमू शकतात हे पाहून ती स्वतःच चकित झाली. काहींनी कपडे घेतले, काहींनी रक्कम खऱ्या बँकेत नेऊन ठेवली. पुढे सोसायटी या ठेवींवर व्याजही देऊ लागली.

ज्या देशात या पोरांच्या बापांनाही नीट मतदान करू दिलं जात नसे, पैसे देऊन मतं विकत घेतली जात, तिथे दहा-बारा वर्षांच्या पोरांनी हात वर करून स्वतःच्या पैशाचा निर्णय घेतला. लॉजिंग हाउसच्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यांत आवडते.

रात्रशाळा होती का?

होती. तीही थेट सुरू केली नाही. ट्रेसी एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाला की सकाळी एक गृहस्थ येऊन गेले, त्यांना कचेरीत पोरगा हवाय, आठवड्याला तीन डॉलर. सगळे उठून उभे राहिले: मला पाठवा, मला पाठवा! पण त्यांना चांगलं लिहिता येणारा पोरगा हवाय, असं ट्रेसी म्हणाला. सगळ्यांची तोंडं पडली. मग म्हणाला, आपण रात्री थोडं लिहायला शिकलो तर? अशी शाळा सुरू झाली.

१८७४ च्या नव्या इमारतीत आतून कसं होतं?

काही वर्षांनी सनचा माळा अपुरा पडू लागला. जागा बदलत शेवटी १८७४ मध्ये ड्वेन स्ट्रीटवर सोसायटीने स्वतःची मोठी इमारत उभी केली. तिथल्या निजायच्या दालनांत लोखंडी खाटा होत्या, एकावर एक दोन थर, एकेका दालनात कधी शंभरावर. १८९० च्या सुमाराला रात्रीचं जेवण म्हणजे डुकराचं मांस आणि घेवड्याचे दाणे, पोट भरेपर्यंत.

गंमत म्हणजे तिथेही वर्ग पडले होते. जी पोरं इतर पोरांना हाताखाली ठेवून धंदा करत किंवा एखादी कारागिरी शिकून आठवड्याचा पगार घेत, त्यांच्यासाठी १० सेंटांची वेगळी खाट: पडदा लावलेली, शेजारी कुलपाची पेटी. चार सेंट जास्त मोजून आडोसा विकत घ्यायचा. शंभर जणांत झोपणाऱ्याला त्याची किंमत कळते.

हिवाळ्यात गर्दी उसळायची. उन्हाळा आला की थोरली पोरं कालव्यांकाठी, खेड्यापाड्यांत निघून जात.

मुलींसाठी काय होतं?

मुलींसाठी वेगळं लॉजिंग हाउस १८६२ मध्ये निघालं. ब्रेसला मुलांशी जमलं तसं मुलींशी जमलं नाही. रस्त्यावर राहणारा मुलगा त्याला धडपड्या वाटायचा, मुलगी मात्र ‘वाया गेलेली’. तिला स्वतंत्र व्यापारी समजायची त्याची तयारीच नव्हती. तिच्यासाठी शिवणकाम, घरकाम, मोलकरणीची नोकरी. मुलाला जो मान ६ सेंटांत मिळाला, तो मुलीला पैसे मोजूनही मिळाला नाही.

धर्मांतराचा आरोप होता का?

होता, आणि निराधार नव्हता. चालवणारे प्रॉटेस्टंट, पोरं बरीचशी आयरिश कॅथलिक. रविवारी संध्याकाळी सभा, भजनं, उपदेश. पोरं भजनांत जीव ओतून गायची आणि ढोंगी वक्त्याला लगेच ओळखायची, पण प्रश्न त्यांच्या कानांचा नव्हता. कॅथलिक धर्मगुरूंना दिसत होतं की आपली पोरं हातची जात आहेत. १८७१ मध्ये फादर जॉन ड्रमगूल यांनी वॉरन स्ट्रीटवरचं कॅथलिक न्यूजबॉइज होम हाती घेतलं, त्याच्या मागे ही चिंता होती. पोरांच्या दृष्टीने फायदाच झाला, दोन दुकानं झाली.

रूझवेल्ट घराण्याचा काय संबंध?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे वडील (त्यांचंही नाव थिओडोर) सोसायटीचे मोठे आधारस्तंभ. श्रीमंत व्यापारी असूनही ते रविवारच्या संध्याकाळी लॉजिंग हाउसमध्ये येऊन पोरांमध्ये बसत आणि आपल्या मुलांनाही सोबत आणत.

गरिबीतून वर येणाऱ्या पोरांच्या कादंबऱ्यांचं मूळ इथेच का?

बऱ्याच अंशी. बूटपॉलिशवाला पोरगा प्रामाणिकपणे कष्ट करून वर येतो, अशा कथा लिहून नाव कमावलेला होरेशिओ अल्जर इथे नेहमी येई आणि पोरांकडून ऐकलेलं पुस्तकांत घाली. पण हा अल्जर १८६६ पर्यंत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रूस्टर गावी पाद्री होता, आणि मुलांशी गैरवर्तन केल्याचा ठपका तिथल्या चर्चच्या समितीने ठेवल्यावर तो गाव सोडून न्यू यॉर्कला आला होता. समितीने बाहेर वाच्यता केली नाही. बेघर मुलांच्या घरात कोण येतं, का येतं, हे तपासायची रीतच त्या काळी नव्हती. आज एखाद्या वसतिगृहात कार्यकर्त्यांच्या पडताळणीचे कागद मागितले की लोक कटकट म्हणतात, त्यांनी हे वाचावं.

‘अनाथ गाड्या’ आणि लॉजिंग हाउस यांचा संबंध काय?

इथे ब्रेसचं दुसरं रूप दिसतं. लॉजिंग हाउस उघडल्यावर सहाच महिन्यांत, सप्टेंबर १८५४ मध्ये, सोसायटीने ४६ मुलांची पहिली तुकडी पश्चिमेकडे रवाना केली. बोटीने, आगगाडीने मजल दरमजल करत ती मिशिगन राज्यातल्या डोवॅजिॲक या लहानशा गावी १ ऑक्टोबरला पोचली. गावकऱ्यांसमोर मुलांना उभं केलं आणि आठवडाभरात बहुतेकांना शेतकऱ्यांनी घरी नेलं. तिथून ७५ वर्षं हे चालू राहिलं. शेवटची गाडी १९२९ मध्ये टेक्ससला गेली. इतर संस्थांनी पाठवलेली धरून एकूण दोन लाखांवर मुलं अशी गेली. त्यातली निम्म्याच्या आसपास या सोसायटीने पाठवलेली.

ब्रेसच्या मनात चित्र होतं ते मोकळ्या हवेतल्या, सुखी शेतकरी कुटुंबाचं. काहींना ते मिळालंही. पण चर्चमध्ये किंवा नाटकगृहाच्या मंचावर मुलांना ओळीने उभं करायचं, शेतकऱ्याने दंड चाचपून बघायचे, आणि भावंडांतला थोरला एका घरी, धाकटी दुसऱ्या गावी, हे वर्णन त्या मुलांनी म्हातारपणी पुन्हापुन्हा केलं आहे. घर कसं आहे याची आधी चौकशी जेमतेम, नंतरची देखरेख त्याहून कमी. १८८४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या धर्मादाय मंडळाचे सचिव हेस्टिंग्ज हार्ट यांनी तिथे पाठवलेल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा घिसाडघाईने ठिकाणं ठरवल्याचं त्यांना आढळलं.

लॉजिंग हाउस हे या गाड्यांसाठी मुलं मिळवायचं एक ठिकाण होतं. तिथल्या सभांत पश्चिमेला जाण्याचं आवाहन होई. माझा आक्षेप इथेच आहे. ज्या पोराला बँकेचा खण कधी उघडायचा यावर मत होतं, त्याच संस्थेच्या गाडीत बसल्यावर आपण कुणाच्या घरी जायचं यावर त्याला मत राहत नसे. थोरली पोरं नकार देऊ शकत, पळूनही येत. सहा वर्षांच्या पोराचं काय? आणि ज्याची आई मॅनहॅटनमध्ये धुणी धूत होती त्याचं? ब्रेसने जे सुताराच्या हातून माळ्यावर करून दाखवलं, ते शहाणपण त्याला आगगाडीपर्यंत नेता आलं नाही.

इथली दोन मुलं गव्हर्नर झाली, हे खरं का?

अर्धं खरं. अँड्र्यू बर्क नॉर्थ डकोटाचे आणि जॉन ब्रेडी अलास्काचे गव्हर्नर झाले. दोघंही १८५९ मध्ये सोसायटीच्या एकाच गाडीने इंडियानाला गेले होते. पण ते रँडल्स आयलंडवरच्या मुलांच्या सरकारी संस्थेतून गेले, लॉजिंग हाउसमधून नाही. ब्रेडी पुढे धाकट्या रूझवेल्टना भेटले (तेव्हा ते न्यू यॉर्कचे गव्हर्नर होते) तेव्हा म्हणाले की बाकीचे तुम्हाला सहकारी गव्हर्नर म्हणून भेटतात, मी मात्र तुम्हाला ‘तुमच्या वडिलांचे चिरंजीव’ म्हणून भेटतो, कारण त्यांनीच मला रस्त्यावरून उचललं. संस्थेने ही दोन नावं शंभर वर्षं मिरवली. दोन लाखांतली दोन.

१८९९ चा पेपरवाल्या पोरांचा संप इथूनच निघाला का?

नाही. तो पोरांचा स्वतःचा. पुलित्झर आणि हर्स्ट या पेपरमालकांनी स्पेनशी युद्ध चालू असताना शंभर पेपरांचा दर ५० वरून ६० सेंट केला आणि युद्ध संपल्यावरही उतरवला नाही. वर मांडलेला हिशेब पुन्हा करा: १८ सेंटांसाठी आता ३६ ऐवजी ४५ पेपर. २० जुलैला संप सुरू झाला आणि सुमारे दोन आठवडे चालला. दर तसाच राहिला, पण न खपलेले पेपर परत घ्यायचं मालकांनी कबूल केलं. संपावरच्या काहीजणांचा बिछाना लॉजिंग हाउसमध्ये असणार हे उघड आहे. संस्थेला संपाचं श्रेय देऊ नये.

हे सगळं कधी आणि का थांबलं?

एका दिवसात थांबलं नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा न्यू यॉर्कने १८७४ मध्येच केला होता, तो हळूहळू खरोखर पाळला जाऊ लागला. बालमजुरीवर बंधनं आली. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी निराधार मुलांवर व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली. केवळ गरिबीपायी मुलाचं घर मोडू नये, हे तत्त्व तिथे मान्य झालं. ज्यांच्या वडिलांनी गाड्यांना पैसा पुरवला त्यांनीच हे करावं, हेही विशेष. मग विधवा आयांना सरकारी मदत सुरू झाली, न्यू यॉर्कमध्ये १९१५ पासून. पोराला घरी ठेवायला आईच्या हातात पैसे आले की रात्रनिवाऱ्याचं गिऱ्हाईक आपोआप कमी होतं.

आज काही बघायला शिल्लक आहे?

ड्वेन स्ट्रीटची इमारत उरली नाही. पण त्याच सोसायटीचं टॉम्पकिन्स स्क्वेअर लॉजिंग हाउस ईस्ट एट्थ स्ट्रीट आणि ॲव्हेन्यू बी यांच्या कोपऱ्यावर उभं आहे. लाल विटांचं, १८८६ चं, सेंट्रल पार्कचाच दुसरा शिल्पकार कॅल्व्हर्ट वॉक्स याच्या हातचं. आज तिथे लोक राहतात. शहराने २००० मध्ये ते संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केलं. संस्था ‘चिल्ड्रन्स एड’ या नावाने न्यू यॉर्कमध्ये अजून काम करते. जेकब रीसने काढलेले लॉजिंग हाउसचे फोटो पाहण्यासारखे आहेत. जेवणाआधी हात-तोंड धुणाऱ्या पोरांचा फोटो जरूर बघा. रस्त्यावर झोपलेल्या पोरांचे त्याचे काही फोटो मात्र पोरांना तसं पडायला सांगून घेतलेले आहेत.

मुंबईची चिल्ड्रन्स एड सोसायटी हीच का?

नाही. नाव तेच, संस्था वेगळी. मुंबईची १९२७ मधली, आणि तिचा पाया १९२४ चा मुंबई मुलांचा कायदा. डोंगरी आणि मानखुर्दची बालगृहं ही तिचीच. फरक साधा आहे. मुंबईत मूल पोलीस किंवा न्यायालयामार्फत आणलं जाई, न्यू यॉर्कच्या माळ्यावर ते आपणहून येई. दाखला, आदेश, कागद काही नसताना मुलाने स्वतः येऊन टेकावं अशी सोय आपल्याकडे कायद्यात बऱ्याच उशिरा स्पष्टपणे आली. २०१५ च्या बालन्याय कायद्यातलं कलम ४३ ‘खुल्या निवाऱ्या’चं आहे.

रात्री स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर?

१०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवा. फुकट लागतो, चोवीस तास चालू असतो, आणि त्याची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून झाली. मोठ्या स्टेशनांवर चाइल्ड हेल्प डेस्क असतो, तिथेही सांगता येतं. मुलाला परस्पर घरी नेऊ नका. सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मूल पळून जाईल या धास्तीने त्याला धरून ठेवू नका, जवळ बसा, नाव विचारण्याआधी काही खाल्लंय का ते विचारा, आणि माणसं येईपर्यंत तिथून हलू नका.